आडनाव विचारू नका, आईचं नाव सांगा

इस्पितळात काचेतून भलत्याच बाळाचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकणाऱ्या एका बापाचा किस्सा वाचून हसू आलं. पण त्यावरून 'बाळं अशीच बदलली जातात' हा किस्सा सांगणाऱ्याने काढलेला निष्कर्ष पटला नाही. गोंधळ बापाचा होता, बाळाचा नव्हे. जन्मल्यावर तिथेच बाळाच्या हाताला किंवा पायाला पट्टी बांधतात, तशीच आईच्या हाताला. त्या पट्टीवर बापाचं नाव शोधू नका, 'बेबी ऑफ' अमुक असं आईचंच असतं.

आणि खरी मेख इथेच आहे. आमचे मेहुणे बाप झाले तेव्हा ताईचं आधार माहेरच्या आडनावाचं, म्हणून केसपेपरही त्याच नावाने. हे भाऊसाहेब वॉर्डातल्या मावशींना विचारतायत, "सावंतांचं बाळ कुठाय?" मुंबईत सावंत काय कमी! मावशींनी दुसऱ्याच सावंतांकडे बोट दाखवलं. यांनी मुलगा झाला म्हणून दादरहून पेढे आणले, त्या बाळाच्या आजीच्या पाया पडून अर्धा डबा वाटलासुद्धा. आत पुरुषांना सोडत नव्हते, त्यामुळे ताईला विचारायची सोय नाही. अर्ध्या तासाने सिस्टरांनी ताईच्या माहेरच्या नावाने हाक मारली आणि मुलगी झाल्याचं सांगितलं.

तेव्हा नाव कुठलं नोंदवलंय ते आधीच पाहून ठेवा. जन्माची नोंदही इस्पितळाच्या कागदांवरूनच जाते. बाळाचं नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत तर विनाशुल्क, पण आईबापाच्या नावात चूक राहिली की दुरुस्तीसाठी वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या. पेढे त्या आजींनी परत केले नाहीत, वर "बर्फी कधी आणताय?" असं विचारलं.