आधी पैसा कसा जाणार ते बघा

भाऊ, यावलची केळीची जमीन विकून मॉरिशसला घर घ्यायचं म्हणताय, तर फ्लॅटचे फोटो नंतर बघा. भारतातून एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच पाठवता येतात. तिथे राहण्याचा परवाना हवा तर घर पीडीएससारख्या (परदेशी लोकांना घर घेऊ देणाऱ्या) सरकारमान्य योजनेतलं आणि किमान ३,७५,००० डॉलरचं लागतं. म्हणून वहिनींनाही खरेदीत घ्या. दोघांच्या खात्यांतून, आपापल्या पॅनवर, वेगळे ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज) भरा. बँक १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, वरून घेते. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर अडकतो आणि बिल्डरचा हप्ता तिथेच चुकतो! बँकेचं कर्ज काढून पाठवायचा विचार सोडा, चालत नाही. पुढे दरवर्षी रिटर्नच्या एफए शेड्यूलमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, घर दाखवाच. राहिलं तर १० लाखांचा दंड बसू शकतो.