दहा वर्षांचा व्हिसा, पण मुक्काम किती?
परभणीच्या दादांनी वर विचारलंय, आईबाबांना अमेरिकेचा दहा वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळालाय, तर सलग वर्षभर लेकाकडे राहिले तर काय बिघडलं? बिघडतं हो दादा. ती दहा वर्षं दारापर्यंत जायची मुभा. आत किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बी-२ वर, म्हणजे फिरायला-भेटायला येणाऱ्यांच्या व्हिसावर, बहुधा सहा महिने. कधीपर्यंत राहायचं ती तारीख आय-९४ मध्ये, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी नोंदीत असते. पासपोर्टवर शिक्का असेलच असं नाही, म्हणून उतरल्याबरोबर पोराला सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याच्या) साइटवरून ती नोंद काढून ठेवायला सांगा.

आपल्याकडे सोयाबीनची रास झाली की निघायचं आणि मृगाच्या पेरणीआधी परतायचं असं गणित असतं. नोव्हेंबर ते जून धरलं तर सहा महिने ओलांडतात! तिकीट काढतानाच हे बघा.

मधेच आठवडाभर कॅनडाला जाऊन आलं की मुदत नवी होते, हा वरचा सल्ला काही खरा नाही. ३० दिवसांच्या आतल्या फेरीत जुनीच आय-९४ चालू राहू शकते. जास्त राहायचंच असेल तर मुदत संपायच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज भरा. मुदत उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त राहून निघालं तर ३ वर्षं बंदी, वर्ष उलटलं तर १०.

धाकटी जर्मनीत आहे म्हणालात, तिथं शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) हिशोब वेगळा: कुठल्याही १८० दिवसांत ९०च, आणि पोचल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात.