परदेशातून मागवलेली वस्तू दारात येईपर्यंत कितीला पडणार, हे आधी का कळत नाही?

शाईबहाद्दर (पुणे)
कर भरायला माझी ना नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर पहिलाच प्रतिसाद "देशासाठी एवढंही करणार नाही का" असा येईल. माझी तक्रार वेगळी आहे. जपानहून १२ हजारांचं फाउंटन पेन मागवलं, तर ते घरी येईपर्यंत कितीला पडेल हे पैसे भरताना कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. सीमाशुल्क नुसत्या पेनाच्या किमतीवर नसतं. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर ते लागतं. मग ते शुल्क धरून होणाऱ्या रकमेवर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), म्हणजे करावर कर. शिवाय "तुमच्या वतीने शुल्क आम्ही आधी भरलं" म्हणून कुरिअरवाल्याची फी, आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी. मागे एका कंपनीने लावलेली ही फी आत आलेल्या शाईच्या बाटलीपेक्षा महाग होती.

दर कमी झालेत हे मान्य. पूर्वी वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या मालावर ३५ टक्के मूळ शुल्क, त्याच्यावर अधिभार आणि वर २८ टक्के आयजीएसटी असं मिळून ७७.२८ टक्के बसायचे. शंभराची वस्तू एकशे सत्त्याहत्तरला! सप्टेंबर २०२५ मध्ये आयजीएसटी १८ वर आला, मूळ शुल्क त्याआधीच ३५ वरून २० वर आलं होतं, ते २०२६ च्या अर्थसंकल्पाने १० वर आणलं. आता बेरीज तीसच्या आसपास जाते. चांगलंच आहे. पण युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून १५० युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट खरेदी करतानाच घेण्याची सोय आहे. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंत तसंच. आपल्याकडे हे का होऊ नये? आणि दोन-तीन हजारांपर्यंतच्या पार्सलला सरळ माफी दिली तर सरकारचं असं काय बुडणार आहे?

गूळपोळी
एवढा हिशोब कशाला? विक्रेत्याला पाकिटावर "गिफ्ट" लिहायला सांगायचं.

करपट्टी
@गूळपोळी, ती वाट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. तोवर पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तू विनाशुल्क यायच्या आणि चिनी कपड्यांची ॲप्स तेच दार वापरत होती. मुली रोज टॉप मागवायच्या आणि कागदावर ती सगळी "भेट"! आता सूट राहिली आहे ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीबरोबर पाठवलेल्या भेटीलासुद्धा नाही.

गूळपोळी
मग निब राखीत ओवून पाठवायला सांगते.

पेनवाले, कोल्हापूर
माफीचं नाव काढलंत म्हणून लिहितोय. आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. लोक येतात, तीन पेनं मागतात, शाईत बुडवून निब लिहून बघतात, मीडियम घ्यावी की फाइन हे अर्धा तास विचारतात आणि "बघतो" म्हणून जातात. ते कुठे बघतात हे आम्हाला ठाऊक आहे. मी वितरकाकडून माल घेतो तेव्हा त्यात आयात शुल्क असतंच. वर भाडं, नोकर, विवरणपत्रं भरणाऱ्याची फी. तुमच्या तीन हजारांच्या पार्सलला माफी म्हणजे माझ्या तीन हजारांच्या पेनाला दंड. ७७ टक्के जुलूम होता हे मीही म्हणेन. पण तीस टक्क्यांवर रडणं मला समजत नाही.

शाईबहाद्दर
तुमच्याकडे तो रंग, ती निब असती तर तुमच्याकडूनच घेतलं असतं. इथे दोन मॉडेलं येतात, तीही काळ्या रंगात. आणि देशी उद्योगाचं म्हणाल तर आपल्या हातघडणीच्या कितीतरी एबोनाइट (कडक रबराच्या) पेनांना निब जर्मनीचीच असते. मग संरक्षण नक्की कुणाला?

पेनवाले, कोल्हापूर
ते पेन घडवणाऱ्या कारागिराला. निब आणली म्हणून पेन आपोआप होत नाही.

न्यू जर्सीकर
माफी असणं आणि नसणं दोन्ही आम्ही पाहिलं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्क नव्हतं. ती सूट २९ ऑगस्ट २०२५ ला गेली. त्याच्या चार दिवस आधी भारतीय टपालाने इकडची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं, ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. ऐन दिवाळीच्या तोंडावर! शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी आधी घेत होते, पण ऑगस्टअखेर त्याही बंद झाल्या, मग आईच्या गावचं पोस्ट तरी काय करणार? शेवटी फराळ खासगी कुरिअरने आला, आणि चकलीचा भाव मी इथे लिहीत नाही. छोट्या माणसाला छोटी सूट हवीच.

करपट्टी
फराळाबद्दल सहानुभूती आहे, पण ती सूट फराळासाठी वापरली जात नव्हती ना. २०१६ मध्ये मर्यादा २०० वरून ८०० डॉलरवर नेली आणि पुढे वर्षाला शंभर कोटींहून जास्त पार्सलं त्या दारातून आत येऊ लागली, बहुतेक चीनची. मर्यादा ठेवली की मोठे व्यापारी तिच्या आत बसतील असे तुकडे करून माल पाठवतात. आपल्याकडे "भेट" होती, तिथे ८०० डॉलर.

आता शाईबहाद्दर यांच्या वाहतुकीच्या मुद्द्याबद्दल. माल विमानाने आला तर वाहतूकखर्च मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरायचा नाही, असं सीमाशुल्काच्या २००७ च्या मूल्यांकन नियमांत आहे. दीड हजारांच्या शाईला अडीच हजार टपालखर्च पडला, तरी शुल्कासाठी तीनशेच धरायचे. हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून कुणी विचारत नाही.

शाईबहाद्दर
विचारायला हिशोबाची फोड तर हाती यायला हवी! माझ्या पावतीवर एकच आकडा होता. मी माफीचा हट्ट सोडतो एक वेळ, पेनवाल्यांचं म्हणणं त्यापुरतं पटतं. पण तीसच घ्या, मात्र पैसे भरतानाच घ्या. नंतर दारात उभा राहिलेला माणूस आकडा सांगतो आणि पार्सल मागे धरून ठेवतो, त्यात माझी निवड उरते कुठे?

सौ. शंकेखोर
पण तिकडच्या चार लोकांच्या दुकानाने भारताचा कर गोळा करून इथे भरायचा? अशाने ती "भारतात पाठवत नाही" असंच लिहितील. ब्रिटनच्या नियमानंतर काही छोट्या विक्रेत्यांनी तेच केलं होतं.

करपट्टी
हा मुद्दा बिनतोड आहे. मोठ्या संकेतस्थळांना जमेल, कारागिराला नाही. सध्या तरी घाई नसेल तर कुरिअर टाळा, टपालाने मागवा. मुंबईत पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात तपासलं जातं, शुल्क लागलं तर पोस्टमन घरी घेतो आणि हाताळणीची फी कुरिअरपेक्षा बरीच कमी असते. वेळ मात्र लागतो.

पेनवाले, कोल्हापूर
म्हणजे टपालाची महिनाभर वाट बघायची तयारी आहे, पण माझ्याकडे मागणी नोंदवून पंधरा दिवस थांबायची नाही. रंगाचं नाव सांगा, वितरकाला उद्याच विचारतो.

शाईबहाद्दर
गडद हिरवा, निब फाइन. भाव करासकट सांगा.