मदत हवी आहे: बंदिस्त गटाराचं वाढीव काम कोणत्या हेडला (खर्चाच्या शीर्षाला) टाकायचं?

आमच्या ग्रामपंचायतीच्या १५ व्या वित्त आयोगाच्या आराखड्यातलं बंदिस्त गटाराचं काम आहे. अंदाजपत्रक २,८०,००० चं, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता झालेली. खोदाईत मुरमाऐवजी खडक लागला, त्यामुळे मोजमाप पुस्तिकेत काम ३,१६,००० चं भरतंय. ठेकेदार फरकाच्या ३६,००० साठी मागे लागलाय.

सांडपाणी असल्यामुळे मूळ काम बंधित निधीच्या (फक्त स्वच्छता आणि पाणीपुरवठ्यासाठीच्या निधीच्या) स्वच्छतेच्या भागातून धरलंय. त्या भागात आता शिल्लक नाही. पाणीपुरवठ्याच्या भागात आहे, पण त्यातले इकडे वळवले तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. अबंधितमध्ये (गावाच्या इतर गरजांसाठीच्या निधीत) ५०,००० पडून आहेत, ते मात्र अंगणवाडी दुरुस्तीला धरलेले.

माझ्या मते आधी सुधारित अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, मग मासिक सभेचा ठराव, नमुना २ मध्ये पुनर्विनियोजन (अंदाजपत्रकातली रक्कम एका शीर्षातून दुसऱ्यात वळवणं) आणि शेवटी बिल. ग्रामसेवक म्हणतात, ग्रामनिधीतून (पंचायतीच्या स्वतःच्या पैशातून) देऊन टाकू. पण त्यातले दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के अजून खर्ची पडलेले नाहीत, तिथे हात घालायला नको वाटतं.

आराखड्यातल्या बदलाला पुन्हा ग्रामसभा लागते का? ई-ग्रामस्वराजवर (पंचायतीच्या कामांच्या आणि हिशेबाच्या पोर्टलवर) वाढीव रक्कम त्याच कामाच्या आयडीवर चढते, की नवीन काम दाखवावं लागतं? नवीन दाखवलं तर कामाचे तुकडे पाडले असा शेरा येईल, ही खरी भीती. कुणी हे पार पाडलं असेल तर ठरावाचा मसुदा टाका.