नवा लॅपटॉप दिवसातून चार-पाचदा आपोआप रीस्टार्ट होतो, दुपारी जास्त (नागपूर)

फुटाळा_काठ

१८ दिवसांपूर्वी बर्डीवरून नवा लॅपटॉप घेतला. विंडोज ११, कंपनीची ८ जीबी डीडीआर५ रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, सोबत ६५ वॉटचा चार्जर. बिल करतानाच दुकानदाराने आणखी ८ जीबी रॅमची स्टिक बसवून दिली, तिचं बिल वेगळं आहे.

पहिले पाच दिवस काहीच तक्रार नव्हती. नंतर काम करता करता स्क्रीनवर क्षणभर काही अक्षरं येतात आणि ती वाचायच्या आत लॅपटॉप रीस्टार्ट होतो. दुपारी १ ते ५ मध्ये तीन-चारदा, रात्री एखाद वेळेस. ब्राउझर, एक्सेल, व्हिडिओ, काहीही चालू असलं तरी होतं. सर्व्हिस सेंटरने एकदा विंडोज नव्याने टाकून दिलं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो घरच्या लाइटचा प्रॉब्लेम आहे, अर्थिंग पाहा. खोलीत कूलर असतो आणि त्याच बोर्डावर चार्जर आहे.

अर्थिंग तपासायचं कसं? आणि मशीनमध्येच दोष असेल तर तो दाखवून कसा द्यायचा?

लोहापूल

भाऊ, लाइटचा मुद्दा आज दुपारीच निकाली काढा. लॅपटॉपमध्ये बॅटरी आहे. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज पडलं तरी बॅटरी तो धक्का झेलते, डेस्कटॉपसारखं मशीन बसत नाही. चार्जर काढा, बॅटरी ९० टक्क्यांच्या वर असताना दुपारी दोन तास नेहमीचं काम करा. तरीही रीस्टार्ट झाला तर लाइट, अर्थिंग आणि चार्जर तिन्ही यादीतून गेले. फक्त चार्जर लावलेला असतानाच होत असेल तर मात्र चार्जर, त्याची पिन किंवा चार्जिंग सर्किट संशयात येतं.

अर्थिंग तरीही पाहून घ्या, ते घराच्या सुरक्षेसाठी. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावून तीन आकडे घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २०७ ते २५३ व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ जवळपास तेवढंच हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आसपास. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर बहुतेक तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये खोचलेला असतो.

आता खरं काम. मशीन का बसलं हे ते स्वतः लिहून ठेवतं, फक्त आपण वाचत नाही.

आधी ती अक्षरं स्क्रीनवर थांबवा. स्टार्टमध्ये ‘अॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’ शोधा. उघडलेल्या खिडकीत स्टार्टअप अँड रिकव्हरीखालचं सेटिंग्ज बटण दाबा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. तिथेच खाली डंपचा (क्रॅशच्या वेळी मेमरीत काय होतं त्याची फाइल) प्रकार ‘स्मॉल मेमरी डंप’ करून ठेवा. पुढच्या वेळी स्क्रीन तशीच थांबेल, मोबाइलने फोटो काढा, मग पॉवर बटण दाबून धरून बंद करा. एक नीट लक्षात ठेवा: ही खूण काढल्यावरही काहीच न दिसता मशीन थेट रीस्टार्ट झालं तर ते विंडोजचं काम नाही. तिथे वीज तुटते किंवा प्रोसेसर-बोर्डच्या पातळीवर काही बिघडतं.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम, उजवीकडे फिल्टर, क्रमांक ४१ टाका. कर्नल-पॉवरच्या नोंदी येतील. एकेक उघडून डिटेल्स टॅबमध्ये ‘बगचेक कोड’समोरचा (क्रॅशचं कारण सांगणारा) आकडा कागदावर उतरवा, तारीख-वेळेसह. नोंद ४१ म्हणजे फक्त ‘नीट बंद न होता परत सुरू झालं’, तिच्यावरून पॉवर सप्लाय खराब ठरवणारे बरेच लोक असतात, ते चूक आहे. कामाचा आहे तो आतला आकडा.

० आला तर क्रॅशची नोंद करायलाही वेळ मिळाला नाही. २९२ म्हणजे हार्डवेअरनेच चूक कळवली. २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा चिप. १५९ म्हणजे झोपताना-उठताना एखादा ड्रायव्हर अडकला, अनेकदा वायफायचा. १२२ आला तर एसएसडीकडे पाहायचं. २६ आणि ८० या आकड्यांत मेमरीचा संशय मोठा, पण वाईट ड्रायव्हरमुळेही ते येतात.

सगळे आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

सदरकर

तापमानाचंही बघून घ्या. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं. पण प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो, साधारण ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान. त्याहून पुढे गेला तर मशीन बंद होतं, आपोआप परत सुरू होत नाही, आणि बऱ्याचदा कर्नल-पॉवरची नोंद ८६ दिसते. तुमचं रीस्टार्ट होऊन राहिलं आणि अक्षरंही दिसतात, म्हणून नुसती उष्णता वाटत नाही.

कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा दमट असते, पॅड नवीन असले तर बारीक तुषारही येतात. लॅपटॉपचा पंखा तीच हवा आत ओढतो. झोताच्या बाजूला, टेबलावर, मागचा भाग दीड-दोन इंच उचलून ठेवा. गादीवर अजिबात नको.

त्रिमूर्ती_०७

इतका खटाटोप कशाला, पूर्ण फॉरमॅट मारा आणि सगळे ड्रायव्हर नवीन टाका.

लोहापूल

सर्व्हिस सेंटरने ते एकदा केलं आहे आणि दोन दिवसांत तेच परत आलं. म्हणजे विंडोज निर्दोष असण्याची शक्यता वाढली. शिवाय फॉरमॅट केला की इव्हेंटच्या नोंदी आणि मिनिडंपच्या फायली पुसल्या जातात, आणि दोष दाखवायला हातात तेवढंच असतं. आधी सिस्टीम लॉग ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स अॅज’ करून पेनड्राइव्हवर घ्या. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं मिनिडंप फोल्डरही कॉपी करा.

फुटाळा_काठ

केलं. बॅटरीवर दुपारी दोन तासांत दोनदा रीस्टार्ट झाला, म्हणजे लाइटचा विषय संपला. विंडोज नव्याने टाकल्यापासून ४१ क्रमांकाच्या ११ नोंदी आहेत: २६ पाच वेळा, ८० तीन वेळा, ३१३ दोनदा, ० एकदा. थांबलेल्या स्क्रीनवर एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’ आणि एकदा ‘कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर’ होतं. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक रात्री चालवलं, त्यात काही निघालं नाही.

लोहापूल

आकडे दर वेळी वेगळे आहेत, हीच खूण आहे. एखादा ड्रायव्हर वाईट असेल तर बहुधा एकच कोड आणि एकाच फाइलचं नाव पुन्हापुन्हा येतं. रॅममधला एखादा बिट उलटला तर ज्याच्या वाट्याला तो तुकडा आला तो मरतो, कधी ब्राउझर, कधी कर्नल (विंडोजचा गाभा). त्यात तुमच्याकडे दोन वेगळ्या स्टिका आहेत.

विंडोजच्या चाचणीवर थांबू नका, ती हलकी आहे. मेमटेस्ट८६ ची मोफत आवृत्ती पेनड्राइव्हवर टाका. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, आधी रिकामा करा. ती सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारं कुलूप) चालू असतानाही सुरू होते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) काही बदलायची गरज नाही. तरी त्याआधी एक काम नक्की करा: नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन अनेकदा आधीच चालू असतं. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसला हात लागला आणि लॅपटॉपने की मागितली, ती नसेल तर डेटा गेला.

मोफत आवृत्ती चार पास (पूर्ण चाचणीच्या फेऱ्या) करते, १६ जीबीला काही तास लागतात. आणि ती दुपारी चालवा, त्याच खोलीत. तुमचा त्रास दुपारचा आहे हे उगाच नाही. मेमरीचे सेल विद्युतभार धरून ठेवतात आणि तापल्यावर तो लवकर गळतो. म्हणूनच ८५ अंशांच्या वर रॅम दुप्पट वेगाने रिफ्रेश करावी लागते. काठावर पास झालेली चिप रात्री गारव्यात चाचणी पार करते आणि दुपारी पडते.

चूक निघाली तर एकेक स्टिक वेगळी तपासा. कंपनीची एकटी, मग नवी एकटी, त्याच स्लॉटमध्ये. शेवटी कंपनीची दुसऱ्या स्लॉटमध्ये. तरच स्टिक खराब की स्लॉट खराब हे कळतं. फक्त टेस्ट १३ मध्ये म्हणजे हॅमर टेस्टमध्ये चूक दिसली तर त्यावरून लगेच निर्णय घेऊ नका, ती मुद्दाम फार कठोर केलेली आहे. बाकी कुठेही एकसुद्धा चूक आली तरी स्टिक नापास.

सदरकर

खालचं झाकण उघडण्याआधी स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर आहे का पाहा. असेल तर स्वतः उघडू नका, ज्याने स्टिक बसवली त्या दुकानदाराकडूनच काढून घ्या. स्वतः करणार असाल तर शटडाउन करा (स्लीप नाही), चार्जर काढा, आणि झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की स्टिक स्वतःच तिरकी वर येते. बसवताना तशीच तिरकी घालून सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला, मग खाली दाबा, दोन्हीकडे टक् आवाज यायला हवा. एका बाजूची क्लिप अर्धवट राहिली तरी असाच त्रास होतो. पट्टी पुसायची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो.

डीडीआर५ची स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. मशीन मेमरीचा ताळमेळ बसवत असतं. घाबरून बंद करू नका.

फुटाळा_काठ

दोन दिवस लागले, पण झालं. दोन्ही मिळून पहिल्याच पासमध्ये चुका. कंपनीची एकटी: चार पास, शून्य चुका, दोन्ही स्लॉटमध्ये. नवी एकटी: दुसऱ्या पासमध्ये ३७ चुका, टेस्ट १३ च्या आधीच. सध्या नवी काढून ठेवली आहे, कालपासून एकदाही रीस्टार्ट नाही. दोन्ही स्टिकांवर वेग वेगळा छापलेला आहे, ५६०० आणि ४८००. त्याने फरक पडतो का?

लोहापूल

वेग वेगळा असला तर मशीन दोन्ही ४८०० वर चालवतं, एवढ्याने क्रॅश होत नाही. तुमची स्टिक एकटी असतानाही चुकते आहे, म्हणजे ती सदोषच. बदलून घेताना मात्र कंपनीच्या स्टिकवरचा वेग आणि ‘१आर’ किंवा ‘२आर’ (चिपांचे एक की दोन गट) ही अक्षरं जुळवून मागा. नवी आल्यावर परत दुपारी चार पास, मगच तिच्यावर काम सुरू करा.

आता एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. खराब रॅममधून जे काही डिस्कवर लिहिलं गेलं ते बिघडलेलं असू शकतं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. आधी डिझमची (विंडोजमधलं दुरुस्तीचं साधन) ‘रिस्टोअरहेल्थ’ आज्ञा चालवा, तिला इंटरनेट लागतं. ती पूर्ण झाल्यावर सिस्टीम फाइल चेकरचं ‘स्कॅननाऊ’. क्रम उलटा नको, कारण चेकर ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेतो तो साठाच डिझम दुरुस्त करतं. त्यानंतर सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून डिस्क तपासणी. या १८ दिवसांत कॉपी केलेले फोटो, झिप फायली, एक्सेल एकेक उघडून पाहा. मूळ प्रत मोबाइलमध्ये किंवा कॅमेऱ्यात असेल तर ती इतक्यात पुसू नका.

वकिली_बाजू

दुकानदाराकडे जाताना तीन गोष्टी न्या: स्टिकचं वेगळं बिल, चाचणीच्या स्क्रीनचा फोटो ज्यात चुकांचा आकडा दिसतो, आणि स्टिकवरच्या लेबलचा फोटो, सिरियल नंबर वाचता येईल असा. रॅमला सहसा लॅपटॉपपेक्षा लांब वॉरंटी असते, ती स्टिकच्या कंपनीची. लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरला ती मागून उपयोग नाही, ते ‘बाहेरचा पार्ट’ म्हणून परत पाठवतील.

स्टिक दिली की पोच लेखी घ्या: तारीख, सिरियल नंबर आणि दोषाचं वर्णन. ‘हँग होतो’ असं लिहू देऊ नका. ‘मेमरी चाचणीत चुका, त्यामुळे वारंवार रीस्टार्ट’ असं लिहायला लावा. सर्व्हिस सेंटरच्या आधीच्या भेटीची जॉबशीटही जपून ठेवा.

टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच सुटतात. नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे माल बाहेरगावच्या ऑनलाइन विक्रेत्याचा असता तरी नागपुरातच. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

फुटाळा_काठ

उद्या सकाळी अकराला दुकान उघडलं की स्टिक, बिल आणि फोटो घेऊन जातो. डिझम आणि चेकर दोन्ही झाले, चेकरने काही फायली दुरुस्त केल्याचं सांगितलं. बदली स्टिक मिळाली की दुपारच्या चाचणीचा आकडा इथेच टाकतो.