मदत हवी आहे : मिश्री सोडवण्याच्या कार्यक्रमाचा परिणाम कसा मोजावा?

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर आणि कागल तालुक्यांतल्या काही गावांत स्त्रियांची मिश्री सुटावी यासाठी बचत गट व आशाताईंच्या मदतीने आम्ही आरोग्य प्रबोधनाचा कार्यक्रम राबवत असून त्याच्या मूल्यमापनाची जबाबदारी माझ्याकडे आहे.

किती सभा झाल्या हे अहवालात लिहिणे सोपे; मिश्री खरोखर सुटली का, हे कळणे अवघड. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाते, त्यामुळे अनेकजणी तिला व्यसन मानतच नाहीत, आणि ज्या आशाताईंनी सोडायला सांगितले त्यांनीच विचारले तर संकोचापोटी ‘सोडली’ असे उत्तर मिळते. लघवीतील कोटिनिन (तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासावे, तर ते काही दिवसांतच शरीरातून निघून जात असल्याने केवळ अलीकडचा वापर समजतो. शिवाय खर्च आहेच.

दुसरा प्रश्न तुलनेचा. कार्यक्रम झालेल्या गावांची तुलना कार्यक्रम न झालेल्या गावांशी करावी, तर माहेर, सासर आणि आठवडी बाजार यांमुळे शेजारच्या गावांत माहिती आपोआप पोहोचते. म्हणून चिठ्ठ्या टाकून गावांचा क्रम ठरवावा आणि कार्यक्रम टप्प्याटप्प्याने सुरू करून पाळी न आलेल्या गावांशी तुलना करावी, असा माझा विचार आहे. त्यात कोणतेही गाव कायमचे वंचित राहत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

अशा पद्धतीने ग्रामीण भागात कोणी काम केले आहे का? मिश्रीच्या वापराविषयी पडताळून पाहिलेली मराठी प्रश्नावली कोणाकडे आहे का? मुलाखती बाहेरच्या स्त्री कार्यकर्त्यांकडून घेतल्यास उत्तरे अधिक मोकळी मिळतात का, याविषयीचा प्रत्यक्ष अनुभवही कृपया सविस्तर कळवावा.