मदत हवी आहे: नागोया ते कानाझावा गाडीने, सोबत शाकाहारी काकू

नमस्कार मंडळी. मी जपानमध्ये नागोयात राहतो. नोव्हेंबरअखेर पुण्याचा मित्र सहकुटुंब येतोय. भाड्याच्या गाडीने ताकायामा, शिराकावागो करत कानाझावाला जायचा बेत आहे. तो आंतरराष्ट्रीय परवाना काढून येतोय आणि इथेही गाडी डावीकडूनच चालवायची, म्हणजे आलटूनपालटून चालवता येईल. मुलीसाठी चाइल्ड सीट सांगून ठेवलीय; इथे ६ वर्षांखालच्या मुलांना ती सक्तीचीच.

खरी पंचाईत जेवणाची. मित्राची आई, म्हणजे आमच्या काकू, कट्टर शाकाहारी. अंडंही चालत नाही. इथे साध्या सोबाच्या (बकव्हीटच्या नूडल्स) रश्श्यातसुद्धा मासा असतो! ताकायामात शोजिन (बौद्ध मठांतलं शाकाहारी) जेवण मिळतं, पण ते रोज परवडणारं नाही. हमरस्त्यालगतच्या मिचि-नो-एकीवर (वाटेतले विसाव्याचे थांबे) त्यांना चालेल असं काय मिळतं? की दशम्या-चटणीचा डबा बांधूनच निघू?

दुसरं म्हणजे बर्फ. हिदा बोगद्याच्या (जवळपास ११ किमी, मुलगी खूश होणार) अलीकडे-पलीकडे त्या सुमारास रस्ता कसा असतो? हिवाळी टायर आत्ताच सांगावेत का? त्या दिवसांत तिकडे गाडी चालवलेल्यांनी कृपया सांगा, बुकिंग याच आठवड्यात करायचंय.